पहिलाच गेम करणाऱ्या मुलांच्या हातात गोडो द्या

मी सांगलीजवळच्या एका तंत्रनिकेतनात शिकवते. आमच्या हॅकेथॉनला, म्हणजे ठरावीक तासांत प्रोग्राम तयार करायच्या स्पर्धेला, बहुतेक दुसऱ्या वर्षाची मुलं असतात. पायथॉन थोडंफार येतं, गेम मात्र आजवर नुसता खेळलेला. अशा मुलांना २४ तासांत मारिओसारखा उड्या मारत पुढे जायचा गेम करायचा असेल, तर गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर (इंजिन) घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

मुख्य कारण म्हणजे पहिल्या तासाभरात पात्र उडी मारायला लागतं. गोडोत गेम नोड नावाच्या तयार भागांतून जोडत जायचा असतो. त्यातला पात्रासाठीचा ‘कॅरेक्टरबॉडी टूडी’ हा नोड घेऊन त्याला स्क्रिप्ट जोडली की चालण्याचा आणि उडी मारण्याचा नमुना कोड तयारच मिळतो. चालण्याचा वेग सेकंदाला ३०० पिक्सेल, उडीचा उणे ४००. उणे का, हे कुणीतरी विचारतंच. पडद्यावर वाय अक्ष खालच्या दिशेने वाढतो, म्हणून. गुरुत्वाकर्षण ९८० धरलेलं असतं. मग मी फळ्यावर सूत्र मांडते: उडीच्या वेगाचा वर्ग भागिले दोन जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षण). उडीची उंची साधारण ८२ पिक्सेल. केनीच्या ‘पिक्सेल प्लॅटफॉर्मर’ या मोफत चित्रसंचातली टाइल, म्हणजे जमीन-भिंती रचायचा चौकोनी तुकडा, १८ पिक्सेलची, म्हणजे चार टाइलची भिंत ओलांडता येते, पाच टाइलची नाही. एवढं कळलं की मुलं वही काढून लेव्हल आखायलाच बसतात. हेच सूत्र वर्गात शिकवताना असा उत्साह मला कधी दिसलेला नाही.

गोडो फुकट आहे, एमआयटी या खुल्या परवान्याचं आहे. इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप उघडली की सुरू, त्यामुळे लॅबच्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड मागत हिंडायला नको. मशीन जुनं असेल तर प्रोजेक्ट सुरू करतानाच ‘कंपॅटिबिलिटी’ रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) निवडा. ब्राउझरसाठी गेम काढायलाही तोच लागतो.

अडतं कुठे, तर टाइल्सपाशी. ‘मॅडम, हिरो जमिनीतून खाली जातोय!’ ही हाक ठरलेली. हिरोला कोलिजन शेप, म्हणजे टक्कर ओळखायचा आकार, दिला नसेल तर नोडशेजारी पिवळा त्रिकोण दिसतो. पण टाइलसेटला (टाइल्सच्या संचाला) त्या भरीव करणारा फिजिक्स लेयर द्यायचा राहिला, तर असा इशारा मिळत नाही. जमीन नुसती दिसते. त्यातच २०२४ च्या ४.३ आवृत्तीपासून टाइल्स मांडायच्या जुन्या टाइलमॅप नोडच्या जागी टाइलमॅप लेयर आला, आणि यूट्यूबवरचे बरेचसे धडे त्याआधीचे आहेत. नवख्या मुलाला व्हिडिओतलं बटण आपल्याकडे का नाही, हेच उमगत नाही. शक्यतो अधिकृत डॉक्युमेंटेशनच उघडून द्या, तेही आवृत्ती बघून.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नमुना कोडमध्ये पाय जमिनीला टेकलेले असतील तरच उडी बसते. खेळणारा मात्र नेहमी कडेच्या टोकाला, किंचित उशिरा बटण दाबतो आणि खड्ड्यात जातो. त्यावरचा ‘कायोटी टाइम’ हा उपाय इंजिन देत नाही, आपण लिहायचा: कडा सुटल्यावरही ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने सहा फ्रेम, उडीची मुभा. कोड चार-पाच ओळींचा. एका गटातल्या मुलीने तो घातला आणि काही न सांगता कीबोर्ड मैत्रिणीकडे सरकवला. पहिल्याच खड्ड्यात सारखी पडणारी ती मैत्रीण सरळ पलीकडे गेली आणि म्हणाली, ‘आता मला खेळता यायला लागलं!’ बक्षीस कुणालाही मिळो, हे प्रत्येक गटाने करून बघावंच.

आयोजकांना एक सांगणं: तयार गेम इंजिनाबाहेर चालेल असा काढायला लागणाऱ्या एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स वेगळ्या डाउनलोड कराव्या लागतात आणि त्या इंजिनापेक्षा कितीतरी जड असतात. आदल्या दिवशीच पेनड्राइव्हवर घेऊन प्रत्येक मशीनवर टाकून ठेवा. शेवटच्या तासात सगळे गट एकदम डाउनलोडला बसले, तर कॉलेजचं नेट तग धरत नाही.