अपटाइम कुमा आणि स्टेटस पेज: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वेब सेवेवर नजर ठेवायला बरेच महिने अपटाइम कुमा वापरतोय. मुक्त स्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालतं. डॉकरची (प्रोग्रॅम तयार पॅकेजमधून चालवणाऱ्या साधनाची) एक कमांड दिली की ३००१ पोर्टवर पान उघडतं. बसवण्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. खरं काम त्यापुढे सुरू होतं: नेमकं काय तपासायचं, आणि बिघाड झाला की लोकांना काय सांगायचं.

मॉनिटर आणि स्टेटस पेज (सेवा चालू आहे की बंद हे लोकांना दाखवणारं पान) मूळ सेवेपासून पूर्ण वेगळं ठेवा. सर्व्हर देणारा प्रोव्हायडर दुसरा, डोमेन दुसरं, जमलं तर डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था) सुद्धा दुसरीकडे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनची फाइल साठवणुकीची एस-थ्री सेवा उत्तर व्हर्जिनियात कोलमडली, तेव्हा त्यांचा हेल्थ डॅशबोर्ड, म्हणजे त्यांचं स्टेटस पेज, बदलण्याची यंत्रणाच एस-थ्रीवर अवलंबून होती. सेवा बंद आणि डॅशबोर्डवर सेवांसमोरच्या खुणा मात्र बराच वेळ जुन्याच, अशी वेळ आली. लोकांना ट्विटरवरून कळवावं लागलं. एवढ्या मोठ्यांच्या बाबतीत हे होतं, तर आपण गृहीत धरूनच चालावं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कीवर्ड तपासणीचा. साधी एचटीटीपी तपासणी सर्व्हरकडून २०० (‘सगळं ठीक’ असा कोड) आलं की हिरवा रंग दाखवून मोकळी होते. आमच्याकडे एकदा डेटाबेसची सगळी कनेक्शन्स अडकली आणि अ‍ॅप ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं पान द्यायला लागलं, तेही २०० सकट! साधा मॉनिटर शेवटपर्यंत हिरवाच. कीवर्डचा मॉनिटर मात्र लाल झाला, कारण तो शोधपानावर असा शब्द बघत होता जो डेटाबेसमधून माहिती आली तरच उमटतो.

दुसरा पुश मॉनिटर. यात कुमा स्वतः विचारायला जात नाही, निरोपाची वाट बघतं. बॅकअप नीट संपला तरच चालेल अशी स्क्रिप्टची शेवटची ओळ कुमाने दिलेल्या पत्त्यावर एक कर्ल मारते, म्हणजे निरोपाची वेब विनंती पाठवते. ठरलेल्या वेळेत तो निरोप आला नाही की फोन वाजतो. बॅकअप मध्येच पडला तर निदान एरर तरी मिळते. क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारी यंत्रणा) सुरूच झाला नाही तर काहीच मिळत नाही, आणि ते काहीच न मिळणं पकडणारी ही सोय आहे.

अलर्ट लावताना थोडं गणित करा. दर ६० सेकंदांनी तपासणी आणि दोन रिट्राय (अलर्ट देण्याआधीचे पुन्हा प्रयत्न) ठेवले तर सेवा पडल्यापासून फोन वाजेपर्यंत तीनेक मिनिटं जाऊ शकतात. ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे ३० दिवसांत साधारण ४३ मिनिटांची मुभा, तिथे हे चालून जातं. ९९.९९ टक्क्यांचा शब्द दिला असेल तर मुभा चार मिनिटांच्या थोडी वर, म्हणजे कळेपर्यंतच ती संपत आलेली असते. रिट्राय शून्यावर आणले तर नेटवर्कच्या प्रत्येक उचकीला फोन वाजतो आणि माणसं फोन बघायचं सोडतात. मी दोनच ठेवले.

स्टेटस पेजवर ‘रेडिस’, ‘क्यू वर्कर’ अशी आतल्या तांत्रिक भागांची नावं नकोत. ‘लॉगिन’, ‘फाइल अपलोड’, ‘ई-मेल सूचना’ अशी हवीत, म्हणजे वापरणाऱ्याला आपलं काय अडलंय ते लगेच कळतं. मजकूर माणसानेच लिहावा असं माझं ठाम मत आहे. ‘काही वापरकर्त्यांना अडचण येऊ शकते’ यातून कोणालाच काही कळत नाही. आम्ही असं लिहितो: ‘१०:२० पासून नवीन लॉगिन होत नाही. आधी लॉगिन केलेल्यांचं काम चालू आहे. तपास सुरू आहे, पुढची माहिती १०:५० ला.’ आणि १०:५० ला नवीन काही हाती नसलं तरी तेवढं लिहायचंच. या सवयीनंतर मदत कक्षाकडे येणारे ‘चालू आहे का?’ हे प्रश्न स्पष्टपणे कमी झाले.

उणिवाही आहेत. तपासणी एकाच ठिकाणाहून होते, त्यामुळे तिथलं नेटवर्क गेलं की सगळंच लाल दिसतं. म्हणून बाहेरची एक साधी सेवा फक्त कुमावर लक्ष ठेवायला लावली आहे. पहिल्याने फोन उचलला नाही तर दुसऱ्याला लावायचा, ही व्यवस्थाही यात नाही. पाळ्या लावून काम करणाऱ्या टीमने वेबहुकने (दुसऱ्या सेवेला आपोआप निरोप पाठवण्याच्या सोयीने) ऑन-कॉलची, म्हणजे कोणाच्या पाळीत कोणाला फोन लावायचा हे सांभाळणारी, वेगळी सेवा जोडावी. चार-पाच जणांच्या टीमला एवढ्यावर व्यवस्थित भागतं.