ट्रक धुण्याचं यंत्र घेताना आमची झालेली फसवणूक

आमच्याकडे आधी ट्रक हातानेच धुतले जायचे. चार पोरं, दोन प्रेशर गन, आणि एका ट्रेलरला पाऊण तास. रांग वाढली की ड्रायव्हर हॉर्न मारून मारून शेवटी निघून जायचे. म्हणून मी आणि माझ्या मेव्हण्याने ठरवलं की कुणीही यावं आणि धुऊन जावं असं स्वयंचलित केंद्र उभं करायचं. ट्रक आत उभा करायचा, बटण दाबायचं. मग कमान रुळांवरून पुढे-मागे फिरते, दोन उभे ब्रश बाजू घासतात, एक आडवा ब्रश टप घासतो आणि नोझलमधून पाणी पडतं. कल्पना चांगली होती आणि आजही चांगलीच आहे. फसवणूक झाली ती यंत्र विकणाऱ्याकडून. ती कशी झाली ते मी सविस्तर लिहितोय, कारण तो माणूस आजही तेच कोटेशन घेऊन फिरतोय.

कोटेशनमधले आकडे मला पाठ झालेत. एक ट्रक ८ मिनिटांत. पंप १०० बार दाबाला मिनिटाला १०० लिटर पाणी देणार. मोटर २२ किलोवॅटची. वापरलेलं ९० टक्के पाणी गाळून परत वापरता येणार. आम्ही म्हटलं, चालू यंत्र दाखवा. तो लगेच तयार झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात एका केंद्रावर घेऊन गेला.

तिथल्या मालकांनी फार अगत्याने सगळं दाखवलं. धुळीने माखलेला एक बंद बॉडीचा ट्रक आत गेला आणि आठव्या मिनिटाला लखलखत बाहेर आला. पण एक गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ट्रक कमानीखाली जायच्या आधीच त्याच्या मागच्या मडगार्डच्या आतून पाणी ठिबकत होतं. रस्ता कोरडा ठणठणीत होता. मी विचारलं तर विक्रेता म्हणाला, “वाटेत पाण्यातून आलाय साहेब.” मी ते मान्य केलं. तो ट्रक अर्ध्या तासापूर्वी हाताने घासून धुतला होता आणि वरून कोरडी माती मारली होती, हे मला पुढे वर्षभराने कळलं.

कोरडी माती नुसत्या पाण्यानेही जाते. ट्रकवर बसतो तो खरा मळ वेगळा असतो. धुराची काजळी, तेलाचा अंश आणि रस्त्यावरची बारीक धूळ यांचा मिळून एक चिकट थर तयार होतो आणि तो पत्र्याला धरून बसतो. तो घासल्याशिवाय किंवा योग्य रसायनाशिवाय निघत नाही. सगळ्यात जाड थर मागच्या दारांवर असतो, कारण पळत्या ट्रकच्या मागे हवा ओढली जाते आणि सगळी घाण तिथे चिकटते. म्हणून यंत्र बघायला जाल तेव्हा स्वतःचा ट्रक न्या, लांबच्या फेरीवरून आलेला. धुतल्यावर मागच्या दारावर पांढरं फडकं दाबून ओढा. फडकं काळं झालं तर ते यंत्र फक्त पाणी मारतंय असं समजा. आम्ही असं काहीच केलं नाही.

करारही विक्रेत्यानेच लिहून आणला. ४० टक्के ऑर्डरबरोबर, ५० टक्के माल निघण्याआधी, उरलेले १० टक्के चाचणी यशस्वी झाल्यावर. चाचणी यशस्वी म्हणजे काय, तर यंत्राने सलग दहा फेऱ्या न अडकता पूर्ण करणे. ट्रक स्वच्छ निघाला पाहिजे असं त्या सात पानांत एकदाही लिहिलेलं नव्हतं. दहा फेऱ्या बिनबोभाट झाल्या, त्यांनी उभं राहून व्हिडिओ काढला, आम्ही उरलेले पैसे दिले. पाण्याची शुद्धीकरण यंत्रणा “पुढच्या गाडीने” येणार होती.

पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हर बोलू लागले. “शेठ, चाकं तशीच काळी राहिली.” टिपरचा चिखल हलतच नव्हता. दाबाच्या काट्यावर पाहिलं तर बरोबर १०० बार. मी विक्रेत्याला फोन केला की तो म्हणायचा, काटा बघा, दाब पूर्ण आहे, तुमच्याकडची मातीच चिकट आहे. आणि काटा खरंच खोटं बोलत नव्हता.

खरी गोष्ट सांगितली आमच्याकडे मोटारी बांधायला येणाऱ्या वायरमनने. त्याने मोटरकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, “ही बावीसची नाही हो.” पाटीवर तर २२ किलोवॅट छापलं होतं. त्याने पिशवीतून स्टीलची पट्टी काढली आणि मोटरच्या पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत उंची मोजली. साधारण १३ सेंटिमीटर भरली. नेहमीच्या चार पोलच्या मोटारींत ७.५ किलोवॅटला ही उंची १३२ मिलिमीटर असते आणि २२ किलोवॅटला १८० मिलिमीटर. ही मापं प्रमाणित आहेत, कंपनी कुठलीही असो. मग त्याने केबलला करंट मोजणारं क्लॅम्प मीटर लावलं. ४०० व्होल्टच्या तीन फेजवर २२ किलोवॅटच्या मोटरने पूर्ण भाराला ४० अँपिअरच्या आसपास घ्यायला हवेत. आमची १४ वर थांबली. पाटीचे रिव्हेट काढून तिथे दोन चकचकीत नवे स्क्रू बसवलेले होते. महिनाभर मी रोज त्या मोटरजवळून जात होतो आणि ते स्क्रू मला दिसले नव्हते.

हिशेब सोपा आहे आणि प्रत्येकाने तो पाठ करावा. बारमधला दाब गुणिले मिनिटाचे लिटर, त्याला ६०० ने भागा, की पाण्याला लागणारे किलोवॅट येतात. १०० गुणिले १०० भागिले ६०० म्हणजे जवळपास १७. पंपातली घट धरली की मोटर २० किंवा त्याहून मोठी लागतेच. ७.५ किलोवॅटच्या मोटरकडून १०० बारला फार तर ३८-४० लिटर निघतात. आम्ही टाकीची पातळी मोजून पाहिली. पाच मिनिटांत ५०० लिटर उतरायला हवे होते, उतरले १९०. नोझलची भोकं बारीक ठेवली की थोड्या पाण्यातही काटा १०० दाखवतो. पण ते पाणी तुषार होऊन हवेत उडतं, ट्रकपर्यंत पोचेपर्यंत त्यात जोर उरत नाही.

पाण्याची यंत्रणा दोन महिन्यांनी आली. कोटेशनच्या आराखड्यात गाळाचा हौद, तेल वेगळं करणारा कप्पा, हवा सोडणारा ब्लोअर आणि शेवटी फिल्टर, असं सगळं होतं. आला फक्त वाळूचा फिल्टर आणि एक छोटा पंप. पंधरा दिवसांत हौदाला सडक्या अंड्यांचा वास सुटला. हवा न मिळालेल्या गाळात जंतू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. ज्यांच्याकडे असा हौद आहे त्यांना कळकळीने सांगतो, गाळ काढायला कुणालाही तसंच आत उतरवू नका. हा वायू जास्त झाला की नाकाला वासच येईनासा होतो आणि माणूस आतच पडतो. आमच्याकडे तसं झालं नाही हे नशीब.

साबणामुळे तेल पाण्यात दुधासारखं मिसळून जातं, ते वर तरंगत नाही, म्हणून साध्या कप्प्याने ते वेगळं होत नाही. आणि विरघळलेले क्षार वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतच नाहीत, ते फेरीगणिक साठत जातात. काळ्या केबिनवर पांढरे ओघळ उमटू लागले. शेवटचं पाणी तरी ताजं मारायला हवं होतं, पण त्यासाठी वेगळी लाइनच दिलेली नव्हती.

यावर विक्रेत्याचा उपाय म्हणजे त्याचंच रसायन. पांढरे कॅन आले, त्यांवर नाव नाही, घटक नाहीत, धोक्याची खूण नाही. ट्रक एकदम उजळ निघू लागले आणि मला क्षणभर वाटलं, चला, सुटलो. आठवड्याभरात दोन ट्रकच्या पुढच्या काचा धुरकट झाल्या. तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

कॅनमधून रसायन ओतणारा पोरगा एकोणीस वर्षांचा. हातमोजा फाटला होता, बोटांना थोडं लागलं, त्याने पाण्याने धुतलं. जळजळ नाही, फोड नाही, काही नाही. रात्री अकराला त्याच्या आईचा फोन आला, पोरगा दुखण्याने तळमळतोय. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “रसायन कोणतं होतं?” मी तो कोरा कॅन हातात धरून उभा होतो. विक्रेता फोन उचलत नव्हता. उशिरा सुरू होणारं दुखणं आणि काचा धुरकट झाल्याचं ऐकून डॉक्टरांनीच ओळखलं की यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असणार. ते कातडीतून आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम धरतं. त्यांनी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावायला घेतलं. पोराची बोटं वाचली, दोन नखं गेली. तो आता बरा आहे आणि आमच्याकडेच आहे, पण त्या रात्री त्याच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. सुरक्षा माहितीपत्रक नसलेला एकही कॅन दारात उतरवून घेऊ नका. ‘ॲल्युमिनियम चमकवणारं’ म्हणून कुणी काही देत असेल तर फ्लोराइड आहे का, ते लेखी विचारा.

एवढं होऊनही यंत्र आमच्या गळ्यात होतंच. मग एके सकाळी बाहेर सहा ट्रक उभे असताना बटण दाबलं आणि काहीच हललं नाही. पडद्यावर ओळ आली, परवान्याची मुदत संपली, विक्रेत्याशी संपर्क साधा. फेऱ्यांचा आकडा होता बरोबर ३०००. पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, प्रोग्राममध्येच कुलूप घातलेलं होतं आणि पासवर्ड फक्त त्याच्याकडे. सहा महिने फोन न उचलणाऱ्या माणसाने त्या दिवशी पहिल्याच रिंगला फोन उचलला. वार्षिक देखभालीचे पैसे भरा म्हणाला. ती रक्कम ऐकून मी गप्प झालो, तेव्हा त्याने आवाज खाली आणला. “नाहीतर दुसरा मार्ग आहे. मी गिऱ्हाईक पाठवतो, तुम्ही यंत्र चालवून दाखवा. एक विक्री झाली की एक वर्ष कुलूप नाही.”

मला ते अगत्याचे मालक आठवले. मी त्यांना फोन लावला आणि सरळ विचारलं. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, “माझंही बंद पडलं होतं हो. कर्जाचा हप्ता होता. तुम्हाला दाखवलं आणि यंत्र सुरू झालं.” मडगार्डमधल्या पाण्याचं त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्यावर मी खूप रागावलो. राग पुढे ओसरला, कारण त्या सकाळी दोन-तीन तास मीही त्या मार्गाचा विचार केला होता. मेव्हण्याने तो विचार मोडून काढला. म्हणाला, “पोराची नखं आठव.”

आम्ही कुलपाचे पैसे दिले नाहीत. दुसऱ्या इंजिनिअरला बोलावून नियंत्रण पॅनेलच नवं बसवलं. वायरिंगचा नकाशा दिलेलाच नव्हता, त्यामुळे एकेक तार शोधून नाव लावण्यात नऊ दिवस गेले. पंप आणि मोटर बदलली, ब्लोअर बसवला, शेवटच्या पाण्याला ताजी लाइन टाकली. वकिलाकडे पाटीचे, स्क्रूंचे, पट्टी धरलेले फोटो आणि क्लॅम्प मीटरचा व्हिडिओ दिलाय. प्रकरण चालू आहे. वकील म्हणाले, हे पुरावे आहेत म्हणून बोलता तरी येतंय, करारात मात्र तुमच्या बाजूचं काही नाही.

करारात काय हवं होतं ते आता मला कळतं. पंपाचे लिटर आणि बार एकत्र, तुमच्या जागेवर मोजून. धुलाईची चाचणी तुमच्या गिऱ्हाइकांच्या ट्रकवर, टिपर आणि टँकर धरून, नुसत्या बंद बॉडीच्या ट्रकवर नाही. पीएलसीचा पासवर्ड, प्रोग्रामची प्रत आणि वायरिंगचे नकाशे हातात पडेपर्यंत मोठी रक्कम राखून ठेवायची. फेऱ्यांचं किंवा तारखेचं कुठलंही कुलूप नाही असं लेखी घ्यायचं. आणि आगाऊ रकमेपोटी बँक हमी. खरा विक्रेता हमी देताना घासाघीस करेल, पण देईल. आमच्या माणसाने हमीचा विषय निघताच ‘विश्वासावर धंदा चालतो’ म्हटलं होतं आणि आम्हाला ते मनापासून पटलं होतं.

गेल्या आठवड्यात दोन भाऊ आमच्याकडे आले. विक्रेत्याच्या व्हिडिओत त्यांनी आमचंच केंद्र पाहिलं होतं, त्या दहा फेऱ्यांच्या दिवशीचं, आणि केंद्राच्या नावाची पाटी ओळखून ते थेट इथे पोचले. यंत्र कसं चालतं ते विचारत होते. मी त्यांना मागच्या शेडमध्ये नेलं. जुनी मोटर तिथे कोपऱ्यात ठेवली आहे, पाटीसकट. धाकट्याच्या हातात स्टीलची पट्टी दिली आणि पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत मोजायला सांगितलं. तो गुडघ्यावर बसला, दोनदा मोजलं. “तेरा आणि वर थोडं.” थोरल्याने खिशातून घडी घातलेलं कोटेशन काढलं आणि मोटरची ओळ बोटाने शोधू लागला.