मशीनवरची पाटी बघा, नुसता कागद बघू नका: मका सोलणी यंत्रात 94,780 रुपये गेले

लिहायला लाज वाटते. वीस वर्षं शेती करणारा माणूस फसला म्हटल्यावर लोक हसतात. पण मला फसवणारा विक्रेता याही हंगामात तेच मशीन विकतोय, म्हणून लिहितोय.

ऑक्टोबर 2024. मका खळ्यावर, आभाळ भरलेलं, मजूर मिळेना. अशा वेळी दारात मशीन घेऊन आलेल्याला तुम्हीही हाकलून दिलं नसतं. जवळच्याच वर्कशॉपमध्ये बनवलेलं मशीन. किंमत 86,500. 40,000 रोख आगाऊ, 46,500 मशीन उतरल्यावर मोबाईलवरून. "दादा, 40,000 अनुदानात परत येतील, हा बघा चाचणी अहवाल." शेतीची यंत्रं तपासणाऱ्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या अहवालाची झेरॉक्स होती. शिक्का बघून मी गप्प झालो.

प्रात्यक्षिक त्याने स्वतःच्या कणसांवर दाखवलं. कडकडीत वाळलेली, एकसारखी कणसं, तीन माणसं भरायला. एका मिनिटात 25 किलोचं पोतं संपलं. "म्हणजे तासाला 15 क्विंटल!" ते 25 किलो कणसांचे होते, दाण्यांचे नव्हते. कणसाच्या वजनात जवळपास पाचवा हिस्सा बुरकुंडाचाच, म्हणजे दाणे काढल्यावर उरणाऱ्या दांड्याचाच असतो. आणि एका मिनिटाला साठने गुणून तासाचा हिशोब होत नाही. अर्धा तास तरी सलग चालवून बघा.

खरी चूक पुढे झाली. मी मशीनच्या मागे जायला निघालो तेव्हा तो आडवा आला. "मागे धूळ लागेल, इकडे दाणे बघा." मी दाणे बघत बसलो. मागे त्याचा पोरगा बुरकुंडं भराभर पोत्यात भरत होता. कचरा कोण एवढ्या घाईने उचलतो? त्या बुरकुंडांना दाणे चिकटलेले होते. ते मला दिसू नयेत एवढ्यासाठीच ती घाई होती. हे आठवलं की आजही झोप उडते.

माझा मका काढला तेव्हा दाण्यात तुकडाच तुकडा. फोन केला तर म्हणे, तुमचा मका ओला आहे. पहिल्या दिवशी 18 टक्के ओलावा होता, मान्य. म्हणून उरलेला चार दिवस वाळवला, 14 वर आणला. मग तिन्ही तोंडांखाली वेगवेगळ्या ताडपत्र्या अंथरून दहा मिनिटं चालवलं. दाण्याच्या तोंडातून 92 किलो, पंख्याने उडवलेले 3, बुरकुंडांवरून हाताने सोललेले 5. शंभरातले आठ किलो कचऱ्यात, आणि तासाला जेमतेम साडेपाच क्विंटल. त्या 92 मधला एक किलो निवडला तर 110 ग्रॅम तुकडा. यावर त्याचा उपाय काय, तर सिलिंडरची, म्हणजे दाणे सोलणाऱ्या फिरत्या ढोलाची पुली लहान टाका. फेरे वाढले, काम थोडं वाढलं, तुकडा 16 टक्क्यांवर गेला. पुलीला हात लावू देऊ नका.

हमीभाव क्विंटलला 2,225 होता. तो सोडाच, व्यापाऱ्याने चालू भावातूनही तुकड्यापायी क्विंटलला 180 कापले. 46 क्विंटलचे 8,280.

कृषी कार्यालयात गेलो. कार्यालयाची पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली, म्हणून अनुदान नाही. ठीक, नियम आहे, मला माहीत नव्हता. तुम्ही पूर्वसंमती हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पण अहवाल खोटा वापरलाय हे तरी बघा म्हटलं, तर साहेब म्हणाले, अर्ज ठेवून जा. तीन खेपा झाल्या, अर्जावर आवक क्रमांकसुद्धा नाही. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून परत पाठवलं. अरे, दुसऱ्या मॉडेलचा अहवाल दाखवून पैसे घेतले ही दिवाणी बाब? अहवालातलं मॉडेल वेगळं होतं, मशीनवरच्या पाटीचे रिव्हेट नवे होते आणि पाटीखाली जुनी भोकं दिसत होती. मी दोघांनाही फोटो दाखवले. एकानेही मान वर करून पाहिलं नाही. शेतकऱ्याने कुठे जायचं मग?

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पहिल्यांदा कोणी नीट ऐकून घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. माझ्याकडे जीएसटी बिल नाही, 40,000 ची साधी चिठ्ठी आहे, तीही त्याच्या सहीशिवाय. 46,500 मोबाईलवरून गेले म्हणून तेवढा पुरावा राहिला.

तक्रार दाखल केली आहे. पहिल्या तारखेला तो आला नाही. पाटीचे फोटो, तिन्ही ताडपत्र्यांची वजनं आणि एक किलो तुकडा बरणीत भरून ठेवलाय. पुढच्या तारखेला घेऊन जाणार आहे.