व्हेनिसमध्ये मासा मागवण्यापूर्वी

ऑक्टोबर 2024 मध्ये मी आणि माझी पत्नी जवळच्या पादोवा शहराहून रेल्वेने एका दिवसासाठी व्हेनिसला गेलो होतो. पत्नीचे माहेर मालवणचे, त्यामुळे मासळी पारखणे तिला लहानपणापासून येते. अशा माणसाची मासळीच्याच व्यवहारात फसवणूक झाली, याचे मला अजूनही वाईट वाटते. तिकडे जाणाऱ्यांना हे आधी माहीत असावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दिवसभर आम्ही पैशांच्या बाबतीत सावधच होतो. गोंडोलाचा दर तेथील नगरपालिकेने ठरवून दिलेला असून दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो पडतात, हे वाचलेले असल्यामुळे आम्ही तो मोह टाळला आणि माणशी 2 युरो देऊन ‘त्रागेत्तो’ या सामाईक होडीने मोठा कालवा ओलांडला. ती होडी थेट रिआल्तोच्या मासळी बाजारापाशी सोडते. तेथे भिंतीवर एक जुनी संगमरवरी पाटी आहे. कोणता मासा किमान किती लांबीचा असेल तरच विकता येईल, याची मापे तिच्यावर कोरलेली आहेत. पत्नी त्या पाटीसमोर बराच वेळ उभी होती. लहान मासळी मारू नये यासाठी इतक्या पूर्वी केलेला नियम तिला फार आवडला. पुढे सान मार्कोच्या बॅसिलिकेतील कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले चार कांस्य घोडे आणि दोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांचा, राजवाडा पाहून होईपर्यंत अडीच वाजले.

सान मार्को चौकामागच्या गल्लीत एका उपाहारगृहाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने आग्रहाने आम्हांला आत नेले. मेनूवर ‘आजचा मासा’ या ओळीपुढे 9 युरो असा आकडा होता. वेटरने बर्फावर ठेवलेला एक मोठा ‘ब्रान्झिनो’ (सी बास जातीचा मासा) तबकातून आणून दाखवला. पत्नीने अंगठ्याने कल्ला उचलून पाहिला; तो लालभडक होता, डोळेही स्वच्छ होते. मी किंमत विचारली तेव्हा वेटरने मेनूतील त्याच आकड्यावर बोट ठेवून “नऊ” एवढेच सांगितले आणि हा मासा दोघांना पुरेल, अशी पुस्ती जोडली. माणशी 9 म्हणजे 18 युरो होतील, असे आम्ही धरून चाललो. 

बिल आले ते 176 युरो 96 सेंटचे. माशाचेच 126 युरो लावले होते. मेनू पुन्हा मागवून पाहिला, तेव्हा आकड्याच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत ‘एत्तो’ हा शब्द दिसला. इटलीत एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. डोके आणि आतडी धरून कच्च्या माशाचे वजन बिलात 1,400 ग्रॅम दाखवले होते. तो मासा किलोच्या वर नव्हता, असे पत्नी आजही खात्रीने सांगते. परंतु आमच्यासमोर वजन झालेच नव्हते आणि ताटात आता फक्त काटे उरले होते. भाज्या व पाण्याचे 22 युरो, ‘कोपेर्तो’ म्हणजे नुसते टेबलावर बसण्याचे माणशी 5 युरो आणि या सगळ्यावर 12 टक्के सेवाशुल्क, ही बाकीची रक्कम. हे दोन्ही आकार मेनूच्या शेवटच्या पानावर छापलेले होते, त्यामुळे त्यांबद्दल माझी तक्रार नाही. माशाचा भावही छापलेला होता, असे म्हणून व्यवस्थापकाने हात वर केले. पण मी किंमत विचारलेली असताना वजनाचा उल्लेख गाळून उत्तर देणे ही माझ्या मते सरळसरळ फसवणूकच आहे. आमच्याकडे बाजारात वाट्याचा भाव ठरल्याशिवाय कोळीण माशाला सुरी लावत नाही.

वाद घालून थकल्यावर मी कार्ड दिले आणि तेथे आणखी एक चूक केली. यंत्रावर युरो की रुपये असा पर्याय आला असता वेटरने रुपयांवर बोट दाखवले आणि मी तेच दाबले. त्या पर्यायात दर बँकेचा नसून यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा असतो, त्यामुळे आम्हांला सुमारे 800 रुपयांचा जादा भुर्दंड पडला. परदेशात कार्डाने पैसे देताना नेहमी तेथील चलनच निवडावे. बिलाची अधिकृत पावती मात्र मी मागून घेतली नाही. ती हाती असती तर 117 या क्रमांकावर तेथील वित्तीय पोलिसांना कळवता आले असते, हे मला रात्री पादोवाला परतल्यावर समजले.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीच्या दक्षिण टोकाच्या किओज्जा या मच्छीमारांच्या गावी गेलो. तेथे जेवायला बसताच पत्नीने प्रथम “एत्तो?” असे विचारले. मालकीणबाईंनी मान हलवली, मासा आमच्यासमोर काट्यावर ठेवला आणि कागदाच्या चिठोऱ्यावर 480 ग्रॅम, 28 युरो 80 सेंट असे लिहून चिठोरा पत्नीपुढे सरकवला. पत्नीने काट्यावरचा आकडा वाचला, कल्ला उघडून पाहिला आणि मगच हो म्हटले.