डॉर्मा टीएस ६८ डोअर क्लोजर: अभ्यासिकेच्या दारांवर वापरून

मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांची अभ्यासिका चालवते. दार धाडकन आपटलं की अख्खी खोली मान वर करते आणि वाचनाची लय तुटते ती तुटतेच. म्हणून हा क्लोजर, म्हणजे दार आपोआप सावकाश मिटवणारं यंत्र, घेतला आणि मुख्य दारापुरती मी त्यावर पूर्ण समाधानी आहे.

ते दार लाकडी फ्लश डोअर, ९०० मिमी रुंद, वजन चाळीस किलोच्या आतबाहेर. दुकानदार बहुधा फक्त वजन विचारतात. रुंदीही सांगा. ईएन ११५४ या युरोपीय मानकात क्लोजरला ताकदीप्रमाणे नंबर असतात: २ नंबर ८५० मिमी आणि ४० किलोपर्यंत, ३ नंबर ९५० मिमी आणि ६० किलोपर्यंत, ४ नंबर ११०० मिमी आणि ८० किलोपर्यंत चालतो. दोन्हींतून मोठा येईल तो नंबर धरायचा. म्हणजे वजन जेमतेम ४० असलं तरी माझ्या दाराला ३ नंबरच हवा. टीएस ६८ हा २, ३, ४ अशा तिन्ही नंबरांना लावता येतो.

बसवताना सुताराला घाई करू देऊ नका. दार आपल्याकडे ओढून उघडतो त्या बाजूला, म्हणजे बिजागऱ्यांच्या बाजूला, क्लोजरची बॉडी पल्ल्यावर आणि तिला जोडलेला धातूचा हात चौकटीवर घेतला की ताकद नीट पोचते. ढकलायच्या बाजूला समांतर हात, म्हणजे मिटलेल्या दाराला समांतर राहणारा हात, लावला तर दिसायला सुबक, पण जोर कमी पडतो. खोक्यातला टेम्प्लेटचा कागद दाराला चिकटवूनच भोकं पाडायची.

खरी किंमत वसूल होते ती दोन स्क्रूंमध्ये. एक दाराच्या मुख्य फेऱ्याचा वेग ठरवतो, दुसरा लॅच लागायच्या शेवटच्या टप्प्याचा. हा शेवट थोडा चपळ ठेवा, नाहीतर दार लॅचला टेकून अर्धवट राहतं. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवायचा आणि पूर्ण बाहेर कधीच काढायचा नाही. आतलं तेल गळालं की क्लोजर संपला. उन्हाळ्यात तेल पातळ होतं, तेव्हा वेग पुन्हा बघावा लागतो.

एसी खोलीच्या काचेच्या दाराला मात्र हा चालत नाही. १२ मिमी टफन्ड काच, वर चौकटीची पट्टी नाही, स्क्रू मारणार कुठे? त्याला फ्लोअर स्प्रिंगच, म्हणजे दाराखाली जमिनीत बसवलेली, दार मिटवणारी पेटी. १२ मिमी काच दर चौरस मीटरला ३० किलो भरते, तेव्हा ९०० बाय २१०० चं दार ५७ किलोच्या घरात जातं. फरशी पुसताना पेटीत पाणी उतरणार नाही, एवढं झाकण पक्कं करून घ्या.

गच्चीच्या दाराला वारा झोडपतो, तिथे उघडताना झटका अडवणारं बॅकचेक असलेलं मॉडेल घ्यावं. जिन्याच्या फायर डोअरला दार उघडं धरून ठेवणारा हात लावायचा नाही. धूर अडवायला ते आपोआप मिटलंच पाहिजे. पोकळ पीव्हीसीच्या बाथरूम दाराला मी क्लोजर लावला नाही. त्यात स्क्रू धरत नाहीत, तिथे स्प्रिंगची बिजागरी पुरते.