घरघंटी, कळण्याचे पीठ आणि आठवड्याचा किराणा

आमच्या जळगावच्या घरात एक अश्वशक्तीची घरघंटी येऊन आता दीड वर्ष झाले आहे. घेताना १८,५०० रुपये मोजले आणि विक्रेत्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की दळणाच्या पैशांतच यंत्र दोन वर्षांत फिटते. हा हिशेब चुकीचा आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. घरघंटीमुळे आमचा आठवड्याचा खर्च खरोखर कमी झाला. मात्र तो ज्या वाटेने कमी झाला ती वाट विक्रेत्याच्या बोलण्यात कोठेच नव्हती, आणि खरे सांगायचे तर घेताना ती मलाही दिसलेली नव्हती.

आधी दळणाचा हिशेब पाहू. आम्ही पाच माणसे असून आठवड्याला साधारण १० किलो दळण लागते. त्यात गहू निम्म्याच्या जवळपास, ज्वारी आणि कळणा (ज्वारी-उडदाचे मिश्रण) मिळून तीन किलो आणि उरलेली हरभऱ्याची डाळ. कोपऱ्यावरच्या गिरणीत किलोला ६ रुपये पडतात, म्हणजे आठवड्याचे ६० रुपये. घरघंटी तासाला सात किलोच्या आसपास दळते, त्यामुळे आठवड्याला दीड तास चालते आणि विजेचे सव्वा युनिटच्या आत-बाहेर घेते. आमच्या स्लॅबप्रमाणे युनिटला १२ रुपये धरले तर १४-१५ रुपये विजेचे गेले. उरले ४५. वर्षाचे ५२ आठवडे धरून हे सुमारे २,३०० रुपये होतात, आणि या गतीने यंत्राची किंमत वसूल व्हायला आठ वर्षे लागतील. मधल्या काळात पिठाची कापडी पिशवी बदलणे, जाळ्या झिजणे आणि तंत्रज्ञाची फेरी हे खर्च धरले, तर केवळ दळणासाठी घरघंटी घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

ती फिटते बेसनात. खानदेशी स्वयंपाकघरात बेसन किती लागते, हे बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. पातोड्यांची रस्साभाजी, डुबुकवडे, पिठले, शेवभाजीची शेव, कढीतले गोळे, आणि भाजीवाला आला नाही त्या दिवशी पुन्हा पिठले. पूर्वी आम्ही पाकीटबंद बेसन आणत असू, कारण गिरणीत किलो-दीड किलो डाळ दळून आणली की आधीच्या गिऱ्हाइकाचे गव्हाचे पीठ तिच्यात मिसळून येत असे आणि त्या बेसनाच्या पातोड्या रश्श्यात विरघळत. पाकिटाला किलोमागे १२० रुपये पडत. शिवाय जुलै २०२२ पासून छापील वेष्टनातल्या पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या डाळीवर तो लागत नाही. जळगावात डाळ मिलांची संख्या मोठी असल्यामुळे दाणाबाजारात हरभरा डाळीचा तुकडा, म्हणजे मिलमध्ये फुटलेली डाळ, अखंड डाळीपेक्षा स्वस्त मिळतो. वरणाला तो कोणी घेत नाही, कारण शिजल्यावर ताटात दिसायला बरा दिसत नाही. पण ज्याचे पीठच करायचे आहे त्याच्या दिसण्याशी आपल्याला काय करायचे आहे? आम्हाला तो ८० रुपयांनी मिळतो. दीड किलोमागे ६० रुपये वाचतात ते असे.

या डाळीच्या दळणाचे एक शास्त्र मात्र नुकसान करून घेऊनच शिकावे लागले. पहिल्या पावसाळ्यात, आषाढाच्या त्या सादळलेल्या दिवसांत, मी डबा उघडून डाळ सरळ हॉपरमध्ये ओतली. दोन मिनिटांत आवाज बदलला, यंत्र घुसमटल्यासारखे गुणगुणू लागले आणि बंद पडले. दार उघडून पाहिले तर बारीक जाळीच्या भोकांत पीठ खळीसारखे चिकटून बसले होते आणि जाळीला हात लाववत नव्हता इतकी ती तापली होती. ती सुईने टोचून साफ करण्यात अख्खी दुपार गेली. तेव्हापासून डाळ उन्हात दोन तास पसरायची, ऊन नसेल तर कढईत नुसती कोमट करून पूर्ण गार होऊ द्यायची, आणि हॉपरची झडप अर्धीच उघडायची, हा घरातला नियम झाला आहे. मागच्या बाजूचे लाल बटण दाबल्यावर बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू होते, ही साधी गोष्ट विक्रेत्याने दाखवली असती तर त्या दिवशी मोटार जळाल्याच्या कल्पनेने मी इतकी घाबरले नसते.

बेसनानंतर क्रम लागतो कळण्याचा. काळे उडीद आणि ज्वारी एकत्र दळून केलेल्या पिठाला आमच्याकडे कळणा म्हणतात. प्रमाण घरोघर वेगळे असते, आमच्या घरी चार किलो ज्वारीला एक किलो सालासकट उडीद घेतात. सासूबाईंच्या लहानपणी हे पीठ घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, निघत असे आणि खडे मीठही दळणातच पडत असे. घरघंटीत मीठ टाकू नये, लोखंडाला ओल धरते. आम्ही ते पीठ मळताना घालतो. ज्वारी शक्यतो दादर घ्यावी. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला ओलाव्यावर येणारी ही ज्वारी खरिपाच्या संकरित ज्वारीपेक्षा महाग असते, तरीही भाकरीला ती परवडते असे माझे मत आहे, कारण तिची भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळीही मऊ राहते आणि शिळी म्हणून टाकावी लागत नाही. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चे तेल आणि कांदा एवढ्यावर जेवण पूर्ण होते; उडदामुळे ती पोटात टिकते, आणि त्या दिवशी भाजीचा खर्च नसतो. हिवाळ्यात तिच्याबरोबर भरीत येते. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी भर हंगामात आसोदा-बामणोद परिसरातली वांगी बाजारात आली की भाव आवाक्यात असतो. एक मोठे वांगे दोन माणसांना पुरते, मात्र गॅसवर भाजलेल्या वांग्याला पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजलेल्याची चव नाही, आणि याबाबतीत घरघंटी काही मदत करू शकत नाही.

पिठाच्या ताजेपणाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच जाहिरातींत ‘पौष्टिक, शुद्ध’ अशा पोकळ शब्दांखाली दडून जातो. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना कडेने चिरते, परातीतून उचलताना तुटते, आणि मग ते पीठ ‘गव्हात मिसळून संपवू’ म्हणून बाजूला ठेवले जाते, जे पुढे पंधरा दिवसांनी अळ्या होऊन बाहेर जाते. बाजरीच्या दाण्यातला स्निग्धांश अधिक असल्यामुळे तिचे पीठ आठवड्याभरात कडवट होऊ लागते. गिरणीत जायचे तर एकदम पाच-सहा किलो नेणे आलेच, कारण दोन वाट्या बाजरी घेऊन कोणी रांगेत उभे राहत नाही. आता संक्रांतीच्या दिवसांत मी एका वेळी एक किलो बाजरी दळते, ती चार दिवसांत संपते. पूर्वी महिन्याला किती पीठ फेकले जात होते याची नोंद मी ठेवलेली नाही, म्हणून ते हिशेबात धरलेले नाही. परंतु फेकण्याचा तो डबा आता स्वयंपाकघरात नाही.

आता पूर्ण आकडा देते. दूध आणि गॅस वगळून किराणा व भाजी मिळून आमचा आठवड्याचा खर्च घरघंटी येण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत सरासरी २,४५० रुपये होता, तो आता १,९०० रुपयांवर आला आहे. वाचलेल्या ५५० रुपयांपैकी दळणाचे ४५ आणि बेसनाचे ६० हे निखालस घरघंटीचे आहेत. उरलेल्यांत १५० रुपये शेव-फरसाणाचे आहेत. आम्ही आठवड्याला किलोभर विकतचे आणत होतो, त्याला २५० रुपये पडत. आता दर रविवारी सोऱ्याने किलोभर शेव घरी पडते आणि तिला बेसन व तेल धरून १०० रुपयांच्या जवळपास खर्च येतो. तिखट शेव जाड पाडून ठेवली की आठवड्यात एकदा शेवभाजीही तिच्यातच निघते. १७० रुपये मुलांच्या मधल्या वेळच्या पाकिटांचे, नूडल्सचे आणि पावाचे होते. त्यांच्या जागी भरड जाळीवर दळलेल्या मिश्र धान्याची धिरडी आणि थालीपिठे आली. ही अदलाबदल मुलांनी आनंदाने स्वीकारली असे मी लिहिणार नाही. धाकट्याने पहिले दोन आठवडे डब्यातले थालीपीठ मित्राच्या पावाशी बदलून खाल्ले, हे मला त्या मित्राच्या आईकडून कळले, आणि तिने त्याच दमात मला थालीपिठाच्या पिठाचे प्रमाणही विचारले. राहिलेले सव्वाशे रुपये भाजीचे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, पालेभाज्या दुपारपर्यंत माना टाकतात आणि भाव मात्र मान ताठ ठेवून असतात. अशा वेळी आठवड्यातले दोन दिवस डुबुकवडे, पातोड्या किंवा उडदाच्या डाळीचे घुटे केले की भाजीची पिशवी हलकी होते.

म्हणजेच ५५० पैकी १०५ रुपये यंत्राचे आणि साडेचारशेच्या आसपास रुपये स्वयंपाकाचे. केवळ १०५ धरले तर यंत्र साडेतीन वर्षांत फिटते. सगळे धरले तर आठेक महिन्यांतच फिटले. कोणता आकडा खरा मानायचा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. यजमानांचे म्हणणे असे की शेव आणि थालीपीठ गिरणीतून दळून आणलेल्या पिठाचेही करता आले असते, त्याला १८,५०० रुपये कशाला हवेत. मुद्दा बिनतोड आहे. तरीही दीड वर्षापूर्वी ते पीठ दळून आणायला रविवारी सकाळी रांगेत कोण उभे राहत नव्हते, हे त्यांनाही आठवत असावे.

यंत्राचे दोषही स्पष्ट सांगायला हवेत. आवाज मोठा आहे. शेजाऱ्यांचा विचार करून आम्ही सकाळी नऊनंतरच ते लावतो. उन्हाळ्यात संध्याकाळी वीजदाब उतरला की मोटार ताण घेते आणि थांबते. दार नीट न लागल्यास यंत्र सुरूच होत नाही, ही सोय मुले असलेल्या घरात चांगली आहे. गव्हाचे पीठ दगडी जात्याच्या गिरणीइतके मऊ येत नाही, कारण येथे दाणा दगडाखाली भरडला जात नाही तर फिरत्या पात्यांनी आपटून फुटतो आणि कोंडा कणीसारखा राहतो. कणीक अर्धा तास भिजवून ठेवली तरच पोळी नीट फुगते. सुकी मिरची दळण्याचा मोह एकदा मलाही झाला. नंदुरबारची दोन किलो लाल मिरची आणली होती, तिच्यातली पावभर घातली. सगळे घर ठसकत अंगणात आले आणि पुढच्या तीन दळणांची भाकरी तिखट लागली. शेंगदाणे, तीळ यांसारखे तेलकट पदार्थ तर कधीच घालू नयेत. बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, भिजवून सुकवलेल्या ज्वारीत ओल राहतेच, तीही येथे चालत नाही.

सेवेबाबत माझी तक्रार आहे. वर्षाच्या आत पिठाची पिशवी शिवणीत उसवली आणि सगळ्या ओट्यावर पिठाचा थर बसू लागला. हमीपत्र असूनही विक्रेत्याने तीन आठवडे ‘माल मागवला आहे’ हेच उत्तर दिले आणि शेवटी तंत्रज्ञाच्या फेरीचे ४०० रुपये मागितले. पिशवी मी नंतर जाड मांजरपाट आणून शिंप्याकडून १२० रुपयांत शिवून घेतली. मूळ पिशवीपेक्षा ती अधिक टिकाऊ निघाली आहे. घेणाऱ्यांनी हमी कोणत्या भागांवर आहे आणि फेरीचे पैसे कोण देणार, हे पावतीवरच लिहून घ्यावे. जाळ्या सहा मिळतात, त्यांतल्या आमच्या वापरात तीनच आहेत. जास्त जाळ्यांसाठी जास्त पैसे देऊ नयेत.

दोघांच्या घराला, किंवा ज्या घरात आठवड्याला चार-पाच किलोच दळण लागते तेथे, मी ही शिफारस करणार नाही. बेसन, भाकरी आणि थालीपीठ यांचा रोजचा राबता असलेल्या पाच-सहा माणसांच्या घराला करीन, आणि पाचपैकी साडेतीन गुण देईन. अर्धा गुण पोळीसाठी कापला आहे, आणि एक पूर्ण गुण त्या पिशवीसाठी.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, खापरावरच्या मांड्यांचे गहू ओल देऊन दळावे लागतात आणि त्यांचे पीठ वस्त्रगाळ व्हावे लागते, म्हणून ते यंदाही कोपऱ्यावरच्या गिरणीतच गेले. गिरणीवाल्या काकांनी डबा उचलता उचलता घरघंटीची तब्येत विचारली आणि ६ रुपयांच्या दरात एक रुपयाही कमी केला नाही.