कळकट रिव्हर्बसाठी कराओकेचा एको बोर्ड: आठ महिन्यांनंतर

गणपतीच्या मांडवातला माईक आठवून बघा. "पांढऱ्या स्कूटरवाल्यांनी आपली गाडी बाजूला घ्यावी..." आणि प्रत्येक शब्दामागून त्याचंच एक मळकं पिल्लू धावत येतं, त्याच्यामागून आणखी मळकं. मला माझ्या ट्रॅकमध्ये नेमकं ते पिल्लू हवं होतं. महालातला किंवा मोठ्या हॉलमधला रिव्हर्ब (घुमारा) नको होता.

अपेक्षा कळाव्यात म्हणून आधी माझं काम सांगतो. ठाण्यात वर्तकनगरला दहा बाय दहाच्या खोलीत बसून मी लो-फाय (मुद्दाम जुनाट, मळक्या आवाजाचे) बीट्स करतो. टाळ, चिपळ्या, मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या मावशीच्या ओव्या, असला कच्चा माल. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, सोबत कॉम्प्युटरमध्ये आवाज आत-बाहेर नेणारा चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस.

सुरुवात सगळे करतात तशीच केली: चांगला स्वच्छ रिव्हर्ब आणि त्याच्यानंतर बिटक्रशर (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट). दोन महिने त्यात घालवले. आवाज घाण होतो, पण वरवरची घाण, धुतलेल्या शर्टावर चिखल उडावा तशी. कारण नंतर कळलं. जुन्या उपकरणात आवाज फिरून फिरून त्याच सर्किटमधून जातो आणि प्रत्येक फेरीत थोडा झिजतो. बिटक्रशर शेवटी लावला की सगळ्या फेऱ्या सारख्याच मळतात, पहिलीही आणि दहावीही. कान हे लगेच पकडतो, आपल्याला शब्दांत सांगता येत नाही इतकंच.

मग वल्हाला व्हिंटेजव्हर्ब हे रिव्हर्बचं प्लगइन घेतलं (५० डॉलर) आणि ते अजूनही वापरतो. त्यातला १९७०चा कलर मोड वरच्या फ्रिक्वेन्सी कापतो आणि घुमाऱ्याची शेपूट थोडी डुगडुगती ठेवतो. १९८०च्या दशकातल्या यामाहा एसपीएक्स९० या इफेक्ट मशिनचा सॅम्पलिंग रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो वेग) ३१.२५ किलोहर्ट्झ होता, म्हणजे रिव्हर्बमध्ये साधारण १२ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही. त्या काळच्या मशिनांचा मऊ अंधार अशा मर्यादांतून आलेला आहे. प्लगइनमध्ये तो छान मिळतो, पण कळकटपणा मिळत नाही. त्यात सगळं जरा जास्तच सभ्य आहे.

मग एका रविवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) एका दुकानात कराओकेचा एको बोर्ड मिळाला, तीनशेच्या आत. तळहाताएवढी पट्टी, तीन नॉब: डिले, रिपीट, व्हॉल्यूम. दुकानदाराने विचारलं, "अँप्लिफायरमध्ये टाकायचाय का?" मी नुसती मान हलवली. खरं सांगायचं तर काय सांगणार!

बोर्डावर पीटी२३९९ ही सोळा पायांची चिप असते. तिच्यात मेमरी मोजून ४४ किलोबिट. डिले (आवाज आणि त्याच्या एकोमधलं अंतर) ३० मिलिसेकंदांपासून ३४० च्या आसपास जातो, पण मेमरी वाढत नाही. म्हणून डिले वाढवला की चिपचं घड्याळ मंदावतं, वरचे सूर गळतात आणि खरखर चढते. पीठ तेवढंच आणि पाहुणे वाढले, तर भाकरी पातळच होणार. ज्याला स्वच्छ एको हवा त्याच्यासाठी हा दोष. मी तर त्याचेच पैसे मोजले.

पहिले आठ दिवस मात्र डोकं धरून बसलो. बोर्ड माईकच्या पातळीसाठी बनलेला, इंटरफेसमधून थेट लाइन सिग्नल (माईकपेक्षा खूप जोरदार) दिला की आवाज चरचरीत फाटतो. सेंड (बोर्डाकडे जाणाऱ्या सिग्नलची पातळी) वीस डेसिबलने खाली आणल्यावर माणसात आला. आता तोच माझा मुख्य नॉब आहे: वीस खाली ठेवला तर धूळ, बारा खाली ठेवला तर चिखल. दुसरी कटकट विजेची. मोबाइल चार्जरवरून ५ व्होल्ट दिले की मागे डासासारखी बारीक सूं. चार रिचार्जेबल एए सेल लावले (४.८ व्होल्ट, चिपला चालतात) आणि डास गेला.

तिसरी कटकट जास्त गमतीची. काही वेळा बोर्ड चालू केला तरी एको येतच नसे, बंद करून पुन्हा चालू केला की येई. डिलेचा नॉब अगदी शून्यावर असताना वीज दिली की असं व्हायचं. सहाव्या पिनला जोडलेला रेझिस्टन्स फार कमी असेल तर ही चिप सुरू होतानाच अडकते. बोर्ड बनवणाऱ्याने तिथला एक रेझिस्टर वाचवला होता. मी १ किलोओहमचा मध्ये टाकला. कमीत कमी डिले ४० मिलिसेकंदांच्या आसपास आला, पण अडकणं थांबलं.

आता मुद्द्याचं: हा बोर्ड एको देतो, रिव्हर्ब देत नाही. एकाच डिलेवर रिपीट वाढवलं की पत्र्याच्या शेडमध्ये टाळी वाजवल्यासारखं फडफडतं. म्हणून मी तोच टाळ बोर्डातून तीनदा पाठवतो, डिले साधारण ४१, ५९ आणि ८३ मिलिसेकंद (क्लिक रेकॉर्ड करून मोजतो), आणि तिन्ही डावीकडे, मध्ये, उजवीकडे पसरतो. आकडे एकमेकांच्या पटीत नसले की प्रतिध्वनी एकमेकांवर बसत नाहीत आणि घुमारा दाट होतो. ही काही माझी अक्कल नाही, बेल्टनच्या रिव्हर्ब ब्रिक या तयार रिव्हर्ब मॉड्यूलमध्येही तीन पीटी२३९९ असतात. वेळ जुळवायला रीपरचा रीआइन्सर्ट (बाहेरचं उपकरण ट्रॅकला जोडणारं प्लगइन) पुरतो, त्यातलं पिंग बटण किती उशीर होतोय ते स्वतः मोजतं.

मध्यंतरी आळस म्हणून बोर्डाचा इम्पल्स रिस्पॉन्स घेतला, म्हणजे एक छोटा टक आवाज दिल्यावर काय परत येतं त्याचं रेकॉर्डिंग. वाटलं, अशा रेकॉर्डिंगवरून घुमारा बनवणाऱ्या रीपरच्या रीव्हर्ब (ReaVerb) प्लगइनमध्ये एकदा फाइल टाकली की वायरींचा पसारा संपला. फसलं. इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे एका क्षणाचा फोटो. चिप मोठ्या आवाजाला जास्त फाटते आणि हळू आवाजाला कमी, ते फोटोत येत नाही. ओवीत मावशी "गं" वर जोर देते तेव्हाच बोर्ड किंचित चरचरतो, आणि त्या फाइलने नेमकं तेच पुसून टाकलं.

खऱ्या जागांसाठी मात्र ही पद्धत झकास. रात्री साडेअकराला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फुगा फोडला. दुसऱ्या फुग्याला वॉचमनकाका काठी घेऊन हजर. त्यांना मोबाइल दाखवला, समजावलं, तर तिसरा फुगा त्यांनीच फोडला, आणि सगळ्यात चांगला तोच आला. ड्रमसाठी आता मी पार्किंगचा घुमारा आधी लावतो आणि तो बोर्डात सोडतो.

तक्रारी आहेतच. बोर्ड मोनो. सेटिंग सेव्ह होत नाही, नॉबशेजारी मार्करने रेघा मारल्यात. एकदा सेल उतरत आलेले असताना घेतलेला टेक फार सुंदर डगमगला, तसा पुन्हा काही केल्या आला नाही. पावसाळ्यात जॅकवर हिरवट थर चढला आणि डिलेचा नॉब फिरवताना खर्रकन वाजायला लागला. काँटॅक्ट क्लीनर मारल्यावर दोन आठवडे गप्प होता, आता पुन्हा वाजतो. ती खर्र एका ट्रॅकमध्ये तशीच ठेवली आहे.

वीस ट्रॅकच्या प्रोजेक्टवर पटापट काम उरकायचं असेल तर याच्या नादी लागू नका, प्लगइनच घ्या. मी मात्र गेल्या महिन्यात आणखी दोन बोर्ड आणलेत. दुकानदाराने या वेळी काही विचारलं नाही. तिन्ही एका स्टीलच्या डब्यात बसवायचे आहेत, अडलंय फक्त झाकणाला भोकं पाडण्यावर.